परवानगी, हप्ता आणि न पाठवलेली छायाचित्रे

रोगनिदान प्रयोगशाळेतील सहा वर्षांची कायम नोकरी सोडून मॉडेलिंग करू इच्छिणारी २८ वर्षांची एक तरुणी समुपदेशनासाठी माझ्याकडे आली, तेव्हा तिचा प्रश्न एका वाक्यात मावणारा होता : ‘घरच्यांना कसं पटवून देऊ?’ तिची ओळख पटेल असे सर्व तपशील मी येथे वगळले आहेत. ज्या प्रश्नाचे उत्तर शोधायला आम्ही बसलो, तो प्रश्न तिसऱ्या भेटीपर्यंत बाजूला पडला आणि त्याच्या जागी वेगळेच दोन प्रश्न उभे राहिले, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहावेसे वाटते.

पार्श्वभूमी

वस्त्ररचनेचे शिक्षण घेणाऱ्या मैत्रिणीला आपले कपडे कोणाच्या तरी अंगावर घालून छायाचित्रे काढायची होती आणि ऐनवेळी कोणी मिळेना, म्हणून ही उभी राहिली. त्या दिवशी आपल्याला जे समाधान मिळाले ते प्रयोगशाळेत कधीच मिळाले नव्हते, असे ती सांगत असे. नमुने तपासणे, नोंदी ठेवणे, अहवाल वेळेवर देणे ही कामे ती उत्तम करत होती, तिच्याविषयी कोणाची तक्रार नव्हती, पण सकाळी उठताना मनात काहीच हलत नाही, हे तिचेच शब्द. पुढची दोन वर्षे ती सुट्टीच्या दिवशी नव्या छायाचित्रकारांबरोबर टेस्ट शूट करत राहिली. अशा शूटमध्ये सहसा कोणी कोणाला पैसे देत नाही, दोन्ही बाजूंना आपापल्या संग्रहासाठी छायाचित्रे मिळतात. तिच्याजवळ अशा ११ शूटची छायाचित्रे जमली होती.

पहिल्या वर्षाअखेरीस तिने घरी सांगितले आणि वाद सुरू झाला. वडील फार बोलले नाहीत, पण तिच्याशी जेवढ्यास तेवढे बोलू लागले. आईने रडून, रागावून, समजावून पाहिले. एका आत्याने फोनवरून लग्नाचा विषय काढला. शिकत असलेला धाकटा भाऊ एकांतात बहिणीच्या बाजूने असे आणि सर्वांसमोर गप्प राही. आणखी एक गोष्ट होती, जी तिने पहिल्या भेटीत ओझरती सांगितली आणि मीही तेव्हा पुरेशी ऐकली नाही. पाच वर्षांपूर्वी घेतलेले घराचे कर्ज वडील आणि ती अशा दोघांच्या नावावर होते.

नकारांची तपासणी

माझ्याकडून तिला युक्तिवाद हवे होते. तिने स्वतःही काही तयार केले होते, त्यात उशिरा यशस्वी झालेल्या मॉडेल्सची यादी होती. २८ हे वय या व्यवसायात उशिराचे मानले जाते, म्हणून १९३१ साली जन्मलेल्या आणि वयाच्या ऐंशीनंतरही काम करत राहिलेल्या कार्मेन डेल’ओरेफिचे यांचे नाव सर्वांत वर होते. त्याखाली २०१७ साली, वयाच्या ६९व्या वर्षी, कव्हरगर्ल या सौंदर्यप्रसाधनांच्या ब्रँडचा चेहरा झालेल्या मे मस्क यांचे होते. प्रसिद्ध माणसांची उदाहरणे घरच्या वादात कामाला येतात असा माझा अनुभव नाही. आपण यशाचे एक उदाहरण द्यावे तर समोरून अपयशाची चार येतात, आणि दोन्ही बाजूंची उदाहरणे खरी असल्यामुळे कोणीच जागचे हलत नाही. शिवाय मे मस्क यांच्या उदाहरणातला महत्त्वाचा भाग तिच्या नजरेतून सुटला होता. त्या आहारतज्ज्ञ होत्या आणि मॉडेलिंग चालू असताना आपला तो व्यवसायही त्यांनी सांभाळला होता. हा तपशील मी तिला सांगितला तेव्हा तिने तो बाजूला सारला, कारण तिला त्या वेळी अर्धी नोकरी हा अर्धा पराभव वाटत होता.

मी तिला एकच काम दिले. गेल्या वर्षभरात घरातल्या कोणी जी जी नकाराची वाक्ये उच्चारली, ती जशीच्या तशी, कोण म्हणाले ते नोंदवून, लिहून आणायची. त्यांचा अर्थ लावायचा नाही आणि सारांशही काढायचा नाही. नमुन्याची नोंद अचूक ठेवण्याची तिला सवय असल्याने ती दीड पान भरून घेऊन आली.

‘बाबांना अब्रूची काळजी आहे’, असे ती मला दोन भेटींत अनेकदा म्हणाली होती. त्या दीड पानात वडिलांची वाक्ये अशी होती : ‘हे काम कायमचं असतं का?’ ‘महिन्याच्या महिन्याला काय येणार?’ ‘दोन वर्षांनी काम थांबलं तर परत घेतील का तुला?’ त्यांत अब्रूचा उल्लेख एकदाही नव्हता. प्रत्येक वाक्य महिना, काळ आणि परतीची वाट याविषयी होते. अब्रूची भाषा आत्याची होती, काही प्रमाणात आईची होती, आणि घरात सर्वांत मोठ्याने तीच बोलली जात असल्यामुळे सर्व विरोध त्याच एका नावाखाली जमा झाला होता.

मी कर्जाविषयी विचारले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग कळले की हप्त्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग तिच्या पगारातून जात होता, बँकेने कर्जाची रक्कम तिचा पगार धरूनच ठरवली होती आणि वडिलांच्या निवृत्तीला तीन वर्षे उरली होती. वर्षभराच्या भांडणात ‘हप्ता’ हा शब्द त्या घरात एकदाही उच्चारला गेला नव्हता. वडिलांनी उच्चारला नाही, कारण ‘घराच्या कर्जासाठी तू ही नोकरी कर’ असे मुलीला सांगणे त्यांना कमीपणाचे वाटले असणार. तिने उच्चारला नाही, कारण तो शब्द आपल्या तोंडून निघाला की त्याची जबाबदारी आपल्याकडे येते हे तिला ठाऊक होते. वडिलांचा विरोध अब्रूसाठी आहे असे मानले की त्यांना जुन्या विचारांचे ठरवता येत होते, आणि जुन्या विचारांच्या माणसाला हिशेब द्यावा लागत नाही. हे मी तिला याच शब्दांत सांगितले नाही. ती स्वतःच त्या पानाकडे पाहत म्हणाली, ‘म्हणजे बाबा बरोबरच विचारत होते.’

आईची वाक्ये वेगळी होती. ‘ते फोटो उद्या कुठे कुठे जातील, तुला तरी माहीत आहे का?’ आणि ‘रात्री-अपरात्री कोणाबरोबर, कुठे जाशील?’ ही दोन प्रत्यक्ष प्रश्नांसारखी होती. तिसरे तसे नव्हते : ‘तुझ्या अंगाकडे लोकांनी बघावं म्हणून पैसे घ्यायचे, हे मला सोसत नाही.’

न विचारलेला प्रश्न

घरच्या विरोधाइतकीच महत्त्वाची असलेली दुसरी गोष्ट त्याच भेटीत समोर आली, आणि या प्रकरणातला सर्वांत अवघड भाग मला तोच वाटतो. एजन्सींकडून आतापर्यंत काय उत्तर आले, असे मी सहज विचारले. तिने एकाही एजन्सीला काहीच पाठवलेले नव्हते.

एजन्सीला पहिल्यांदा कलात्मक छायाचित्रे नको असतात. तिथे डिजिटल्स मागतात, ज्यांना अनेक जण अजूनही जुन्या सवयीने पोलारॉइड्स म्हणतात. साधी भिंत, दिवसाचा उजेड, अंगाबरोबर बसणारे साधे कपडे, मेकअप नाही, केस मोकळे आणि बांधलेले, समोरून, बाजूने, पाठीमागून, पूर्ण उंचीचे आणि चेहऱ्याचे जवळून घेतलेले छायाचित्र, सोबत उंची, छाती, कंबर, नितंब आणि पादत्राणांचे माप. एखाद्या दुपारी, घरातल्या कोणाच्याही फोनवर हे होते आणि त्याला खर्च येत नाही. ११ टेस्ट शूट केलेल्या मुलीने ही एक दुपार दोन वर्षांत काढली नव्हती. ‘घरी मिटल्यावर पाठवणार होते’, असे तिचे उत्तर होते.

घरचा विरोध खरा होता, त्याचा तिला खरा त्रास झाला होता, आणि तिने तो निमित्त म्हणून वापरला असे म्हणणे अन्यायाचे होईल. तरीही त्या विरोधाने तिच्यासाठी एक काम केले होते. जोपर्यंत आई-वडील अडवत होते, तोपर्यंत आपली निवड होईल की नाही हे कळण्याची वेळ येत नव्हती. घरच्यांचा नकार दुखावणारा असला तरी ओळखीचा असतो. अनोळखी माणसाने माप पाहून दिलेला नकार मात्र थेट स्वप्नावर येतो. करिअर बदलू पाहणाऱ्या पुष्कळ लोकांत मी हे पाहिले आहे, मग क्षेत्र कोणतेही असो. दार उघडे आहे की बंद, हे पाहण्याआधीच आत जायची परवानगी कोण देणार यावर वर्षे खर्ची पडतात. म्हणून मी तिला सुचवले की घरचा विषय सहा आठवडे पूर्ण थांबवायचा, त्यावर घरात एकही शब्द काढायचा नाही, आणि त्या काळात बाजाराचे उत्तर आणायचे.

बाजाराचे उत्तर

पाठवण्याआधी आम्ही एक अट पक्की केली. मॉडेलला मिळणाऱ्या कामाच्या मोबदल्यातून कमिशन घेणे, ही खऱ्या एजन्सीची कमाई असते. नोंदणीसाठी, सक्तीच्या पोर्टफोलिओसाठी किंवा प्रशिक्षणासाठी आधी पैसे मागणारी जागा मॉडेलला काम देऊन जगत नाही, मॉडेलच्या इच्छेवर जगते. अमेरिकेतील फेडरल ट्रेड कमिशनही ग्राहकांना नेमक्या याच खुणांविषयी सावध करते. न्यूयॉर्क राज्यात जून २०२५ पासून लागू झालेल्या फॅशन वर्कर्स ॲक्टने तर मॉडेलचे काम पाहणाऱ्या कंपन्यांना अनामत किंवा शुल्क घेण्यास मनाई केली, कमिशनवर २० टक्क्यांची मर्यादा घातली आणि मॉडेलची संगणकीय प्रतिकृती वापरण्यासाठी वेगळी लेखी संमती आवश्यक केली. हा कायदा तिला लागू नव्हता, पण करार वाचताना कोणत्या जागी बोट ठेवायचे हे त्यावरून कळत होते, म्हणून आम्ही त्याचा पट्टीसारखा उपयोग केला.

तिने सहा ठिकाणी डिजिटल्स पाठवली. दोन ठिकाणांहून काहीच उत्तर आले नाही. दोघांनी उंचीमुळे नकार कळवला. ती १६८ सेंटीमीटर होती आणि रॅम्पसाठी स्त्रियांची उंची साधारण १७५ सेंटीमीटरच्या पुढे मागितली जाते. पाचव्या ठिकाणाहून तत्काळ आणि फार गोड उत्तर आले, ज्यात निवडीचे अभिनंदन होते आणि छायाचित्रांच्या ‘पॅकेज’ची किंमतही होती. ते तिने तिथेच थांबवले. सहाव्या एजन्सीने भेटायला बोलावले. तिथल्या बुकरने, म्हणजे मॉडेलची कामे ठरवणाऱ्या माणसाने, अर्ध्या तासात स्पष्ट सांगितले की रॅम्पचा विचार सोडावा, कॅटलॉग आणि जाहिरातींसाठी चेहरा चालेल, पण खरे काम फिट मॉडेल म्हणून मिळेल.

फिट मॉडेल बहुतेकदा छायाचित्रात दिसत नाही. कपडे बनवणाऱ्या कंपनीला ठरावीक मापाचे एक जिवंत शरीर हवे असते, ज्याच्यावर नवे सॅम्पल घालून पाहिले जाते, खुणा केल्या जातात, पॅटर्न दुरुस्त होतो आणि पुन्हा घालून पाहिले जाते. त्यासाठी मापे स्थिर असावी लागतात, तासन्‌तास उभे राहता यावे लागते, आणि हात वर केला की मुंडा कुठे ओढतो, बसल्यावर कंबरपट्टा कुठे रुततो, हे नेमक्या शब्दांत सांगता यावे लागते. प्रयोगशाळेतली तिची सगळी शिस्त इथे उपयोगी पडणार होती. मला हे उत्तर उत्तम वाटले आणि मी ते उत्साहाने बोलून दाखवले, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आले. ज्या चित्रासाठी ती वर्षभर घराशी भांडली, त्या चित्रात तिला जागा नव्हती, आणि जिथे जागा होती तिथे तिचे चित्रच निघणार नव्हते. पंधरा दिवस ती आली नाही. परत आली ती निर्णय घेऊनच : हे काम करून पाहायचे.

घरातले बोलणे

कुटुंबोपचाराच्या क्षेत्रातील मानसोपचारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी एक भेद मांडला आहे, जो या टप्प्यावर मला फार उपयोगी वाटतो. घरच्यांच्या मनाप्रमाणे स्वतःला वाकवणे आणि घराशी संबंध तोडणे या एकमेकांविरुद्ध वाटणाऱ्या वागण्यांच्या मुळाशी एकच गोष्ट असते : घरच्यांच्या अस्वस्थतेजवळ राहून स्वतःचे मत टिकवता न येणे. ती आजवर परवानगी मागत होती आणि ती मिळाली नाही की दार आपटून खोलीत जात होती. आता तिने परवानगी मागायची नाही, माहिती ठेवायची आणि प्रश्न ऐकायचे, एवढेच आम्ही ठरवले.

वडिलांशी ती एकटी बोलली आणि सुरुवात हप्त्यापासून केली. प्रयोगशाळेने आठवड्यातून तीन दिवसांची पाळी मान्य केली होती. पूर्ण नोकरी कमी करण्याआधी ती हप्त्यातल्या आपल्या वाट्याचे आठ महिन्यांचे पैसे वेगळ्या खात्यात साठवणार होती आणि ते खाते वडिलांना दिसणार होते. बँकेत चौकशी करून तिने मुदत वाढवण्याचा पर्यायही आणला होता, त्यात हप्ता कमी होतो आणि एकूण व्याज वाढते हे दोन्ही आकड्यांसह. वडील ‘हो’ म्हणाले नाहीत. कागद दोनदा वाचून त्यांनी विचारले, ‘आठ महिन्यांनंतर काय?’ त्यावर ती म्हणाली, ‘त्या दिवशी आपण दोघं पुन्हा बसू, बाबा. तारीख तुम्ही सांगा.’ त्यांनी तारीख सांगितली. या वादात उत्तराच्या अपेक्षेने विचारलेला हा पहिलाच प्रश्न होता, असे ती मला नंतर म्हणाली.

आईच्या बाबतीत माझी चूक झाली. भीती अपरिचयातून येते असे गृहीत धरून मी सुचवले होते की तिने आपल्या टेस्ट शूटची छायाचित्रे आईला दाखवावीत. तिने दाखवली. आईने तीन पाहिली आणि ती उठून आत गेली, त्यानंतर तीन आठवडे घरात बोलणे बंद होते. आईचे तिसरे वाक्य मी नीट वाचले असते तर हे टळले असते, कारण त्या वाक्यात शंका नव्हती, मूल्य होते, आणि मूल्यावर माहितीचा उतारा चालत नाही.

आईच्या पहिल्या दोन प्रश्नांना मात्र उत्तरे होती आणि ती तयार करताना तिचेच भले झाले. छायाचित्र कुठे जाईल हे नशिबावर सोडायची गरज नसते. कोणत्या माध्यमात, कोणत्या प्रदेशात आणि किती काळ ते वापरता येईल हे वापरहक्काच्या कलमात लिहिले जाते, आणि ‘सर्व माध्यमांत कायमस्वरूपी’ असे शब्द दिसले तर सही करण्याआधी थांबावे लागते. कोणत्या प्रकारचे कपडे घालणार नाही आणि कोणत्या वस्तूंच्या जाहिराती करणार नाही, याची यादी तिने एजन्सीला लेखी दिली. प्रत्येक कामाच्या आदल्या दिवशी जागा, वेळ, तिथल्या जबाबदार माणसाचे नाव आणि बुकरचा क्रमांक घरी लिहून ठेवायचा, हेही ठरले. आईने हे सारे ऐकून घेतले. तिसऱ्या वाक्याला उत्तर नव्हते आणि ते शोधू नये, असा सल्ला मी या वेळी दिला. आईला हे काम आवडत नाही आणि तरीही आई आपली आहे, एवढे सोसण्याची तयारी ठेवावी लागणार होती.

दीड वर्षानंतर

काम केल्यावर पैसे हाती यायला दोन-तीन महिने लागतात, कारण ग्राहकाने एजन्सीला दिल्यावरच ते पुढे येतात. हे तिला आधी माहीत होते, तरी पहिले चार महिने तिची झोप उडाली होती. एका वस्त्रकंपनीचे फिटिंगचे काम नियमित मिळू लागल्यावर थोडी स्थिरता आली. पहिल्या वर्षात तीन दिवसांची नोकरी आणि मॉडेलिंग मिळून तिची कमाई पूर्वीच्या पगाराच्या सुमारे चार पंचमांश झाली. हप्ता एकदाही चुकला नाही, मात्र दोन महिने वेगळ्या खात्यातून पैसे काढावे लागले, आणि दोन्ही वेळा तिने ते वडिलांना आधी सांगितले.

एक नवी काळजी माझ्या मनात आहे. मापे स्थिर ठेवणे हाच कामाचा आधार असल्याने ती रोज सकाळी कंबर मोजू लागली होती. फ्रान्समध्ये २०१७ पासून मॉडेलला काम करण्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते, आणि त्यामागचे कारण, म्हणजे अति बारीक होण्याचा धोका, या व्यवसायातील लोकांना चांगले माहीत आहे. तिच्यावर असे बंधन नव्हते, म्हणून आम्ही ते स्वतःहून घालून घेतले. दर सहा महिन्यांनी तपासणी करायची आणि माप फक्त कामाच्या आदल्या दिवशी घ्यायचे. दुसरी गोष्ट ती नेहमीच पाळते असे नाही, हे तिने प्रामाणिकपणे सांगितले आहे.

आत्याचे फोन अजून येतात. आई कामाविषयी काही विचारत नाही, किती वाजता परत येणार एवढेच विचारते. भाऊ आता सर्वांसमोर बोलतो. वडील ठरलेल्या तारखेला खात्याचे पान घेऊन बसले आणि त्यांनी पुढची तारीख आणखी सहा महिन्यांवर ठेवली, पसंती किंवा नापसंती काहीही न बोलता. प्रयोगशाळेचे उरलेले तीन दिवस सोडावेत का, हा तिचा आताचा प्रश्न आहे, आणि वडिलांची निवृत्ती दीड वर्षावर आल्याने त्याचे उत्तर पुन्हा एकदा त्या हप्त्यापाशीच येऊन थांबले आहे. गेल्या भेटीत ती दोन रकाने आखलेला कागद घेऊन आली होती. या वेळी तो तिने मला दाखवण्याआधी वडिलांना दाखवला होता, आणि दुसऱ्या रकान्यात एका ओळीवर त्यांच्या हस्ताक्षरात दुरुस्ती होती.